पाणी, डिंभ आणि उत्पादक : कालवांच्या शेतीतील 'चांगल्या पाण्या'च्या संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

सारांश : कालवे, शिणाणे, तिसऱ्या यांसारख्या द्विपुट शिंपल्यांच्या शेतीचे यशापयश त्यांच्या आयुष्यातील पहिल्या काही दिवसांवर अवलंबून असते. या काळात डिंभ डोळ्यांना दिसत नाही आणि तो सर्वस्वी पाण्याच्या स्थितीवर विसंबून असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत 'चांगले पाणी' म्हणजे काय, याची व्याख्या कशी बदलत गेली, त्या बदलांमागे कोणती संकटे होती आणि त्यांत प्रत्यक्ष शेती करणाऱ्यांच्या निरीक्षणांचा वाटा काय होता, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. शेवटी कोकण किनाऱ्याच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : कालव, डिंभ, क्षारता, बीजोत्पादन, संपृक्तता, खाडी.

प्रस्तावना

शेतीच्या इतिहासात जमीन, पाऊस, बियाणे आणि महसूल यांचा विचार सातत्याने झाला आहे. पाण्याखालच्या शेतीच्या वाट्याला मात्र इतिहासकारांचे लक्ष फारसे आले नाही. वास्तविक कालवांची शेती ही प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आरंभी इटलीतील ल्युक्रिन सरोवरात सर्जियस ओराटा याने कालवांचे मळे उभारले, असे प्लिनी नमूद करतो. तथापि ओराटापासून पुढे सुमारे एकोणीस शतके ही शेती म्हणजे निसर्गात आपोआप जन्मलेली कालवे उचलून सोयीच्या जागी वाढविणे एवढीच होती. बी कोठून येते, ते कधी येते आणि कधी येत नाही, हे कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते.

याचे कारण या प्राण्याच्या जीवनक्रमात आहे. कालवाच्या बहुसंख्य व्यापारी जातींमध्ये मादी एका वेळी लाखो, प्रसंगी कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते. फलन पाण्यातच होते. अंड्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतका असतो. सुमारे एक ते दोन दिवसांत डिंभाभोवती इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचा पहिला शिंपला तयार होतो. त्यानंतर दोन ते तीन आठवडे तो पाण्यात तरंगत वनस्पती प्लवकांवर वाढतो आणि योग्य पृष्ठभाग सापडताच त्याला कायमचा चिकटून बसतो. हे बसलेले पिल्लू म्हणजे शेतकऱ्याचे 'बी'. अर्थात शेतकऱ्याला दिसते ते बी. त्याआधी जे घडते ते सारे पाण्यात आणि नजरेआड घडते. कालवशेतीचा आधुनिक इतिहास हा या अदृश्य पंधरवड्याचे आकलन वाढत जाण्याचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

१. जागेचा प्रश्न : कोस्त आणि मोबियस

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील कालवांचे नैसर्गिक थर अति-उपशामुळे खालावले होते. भ्रूणशास्त्रज्ञ व्हिक्टर कोस्त यांनी फ्रान्स व इटलीच्या किनाऱ्यांची पाहणी करून १८५५ मध्ये आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. इटलीत खांब व काटक्यांच्या जुड्यांवर कालवांचे बी धरण्याची पद्धत त्यांनी पाहिली होती. तिसऱ्या नेपोलियनच्या पाठिंब्याने त्यांनी १८५८ मध्ये ब्रिटनी प्रांतातील सँ-ब्रिअ उपसागरात प्रौढ कालवे पेरली व डिंभांना बसण्यासाठी फांद्यांच्या जुड्या समुद्रतळाशी सोडल्या. आरंभी त्या जुड्यांवर भरघोस बी आले. परंतु काही वर्षांतच हा प्रयोग बारगळला. आर्काशाँच्या आश्रित उपसागरात मात्र हीच कल्पना, चुन्याचा लेप दिलेल्या कौलांच्या रूपाने, रुजली आणि तेथील कालवशेतीचा पाया ठरली.

कोस्त यांच्या दृष्टीने अडचण जागेची होती. डिंभाला बसायला पृष्ठभाग मिळाला की बी मिळेल, अशी त्यांची धारणा होती. पाणी हे त्यांच्या विचारात केवळ वाहक होते. एकच पद्धत एका उपसागरात फसते आणि दुसऱ्यात फळते, याचे उत्तर या धारणेतून मिळत नव्हते.

या प्रश्नाला सैद्धान्तिक बैठक दिली ती जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस यांनी. फ्रेंच पद्धत उत्तर समुद्राच्या जर्मन किनाऱ्यावर वापरता येईल काय, याचा अभ्यास प्रशियाच्या सरकारने त्यांच्याकडे सोपविला होता. त्यांचा निष्कर्ष प्रतिकूल होता. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी कालवांच्या थराला 'जीवसमुदाय' मानले आणि त्यासाठी 'बायोसिनोसिस' ही संज्ञा योजली. तापमान, क्षारता, अन्न आणि सोबतचे जीव यांपैकी एक घटक बदलला तरी सारा समुदाय बदलतो, हे त्यांनी दाखविले. दहा लाखांहून अधिक डिंभांमागे एखादेच कालव प्रौढ होते, असा त्यांचा हिशेब होता. परिसंस्थाशास्त्रातील एका मूलभूत संकल्पनेचा जन्म कालवांच्या बियाण्याच्या व्यावहारिक प्रश्नातून झाला, ही बाब विज्ञानाच्या इतिहासकाराने लक्षात घेण्याजोगी आहे.

२. काचपात्रातील डिंभ : ब्रूक्स आणि वेल्स

युरोपातील चपटे कालव आपली अंडी काही काळ शरीरातच बाळगते. अमेरिकी कालवही तसेच करीत असावे, असा समज होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कीथ ब्रूक्स यांनी १८७९ मध्ये मेरीलँड राज्यातील क्रिसफील्ड येथे नर व मादी कालवांचे बीजद्रव्य पाण्यात मिसळून कृत्रिम फलन साधले. अमेरिकी कालवाचे फलन शरीराबाहेर, पाण्यातच होते, हे त्यातून सिद्ध झाले. चेसापीक उपसागरातील उपसा त्या काळी शिखरावर होता आणि थर खालावत चालल्याची चिन्हे दिसत होती. कृत्रिम फलनाने बी निर्माण करता येईल, अशी आशा त्यामुळे पल्लवित झाली.

ही आशा पुढील चार दशके फलद्रूप झाली नाही. फलन सहज होई, पहिला शिंपलाही येई. पण डिंभ काही दिवसांतच दगावत. पाणी बदलल्याशिवाय ते कुजे आणि पाणी बदलताना सूक्ष्म डिंभ त्याबरोबर वाहून जात. या पेचातून वाट काढली ती न्यूयॉर्क राज्याच्या सेवेतील विल्यम फर्थ वेल्स यांनी. १९२० च्या सुमारास त्यांनी दुधातून मलई वेगळी करणाऱ्या यंत्राचा उपयोग करून डिंभ पाण्यातून वेगळे केले, त्यांना ताजे पाणी दिले आणि बी बसेपर्यंत वाढविले. हेच वेल्स पुढे हवेतून पसरणाऱ्या रोगजंतूंवरील संशोधनासाठी ख्यातनाम झाले. सूक्ष्म कण माध्यमात कसे तरंगतात व कसे वेगळे करता येतात, हा प्रश्न त्यांच्या दोन्ही कार्यांत समान होता.

या टप्प्यावर 'चांगले पाणी' म्हणजे 'ताजे पाणी' असा अर्थ रूढ झाला. तो आवश्यक होता, पण पुरेसा नव्हता.

३. मोजलेले पाणी : मिलफर्डची प्रयोगशाळा

कनेटिकट राज्यातील मिलफर्ड येथील संघराज्य शासनाच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर लूसानॉफ आणि हॅरी डेव्हिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास जे कार्य केले, त्यातून आधुनिक शिंपले-बीजोत्पादन केंद्र आकाराला आले. पाण्याचे तापमान हळूहळू वाढवून भर हिवाळ्यात कालवांना प्रजननक्षम करता येते, हे लूसानॉफ यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. ऋतूवरचे अवलंबित्व त्यामुळे संपले आणि वर्षभर प्रयोग करणे शक्य झाले. त्यांची एकत्रित कार्यपद्धती १९६३ मध्ये प्रकाशित झाली व जगभर स्वीकारली गेली.

या प्रयोगांतील काही निष्कर्ष विशेष उद्बोधक आहेत. डेव्हिस यांनी १९५८ मध्ये दाखविले की, हजारी २६-२७ भाग क्षारतेच्या लाँग आयलंड साउंडमधील कालवांच्या अंड्यांचा विकास हजारी २२.५ भागांच्या आसपास उत्तम होतो. परंतु मेरीलँडच्या कमी खाऱ्या पाण्यात परिपक्व झालेल्या कालवांची अंडी त्याहून बऱ्याच गोड्या पाण्यातही वाढू शकतात. म्हणजे डिंभाला कोणते पाणी मानवेल, हे काही अंशी मातापित्यांनी भोगलेल्या पाण्यावर ठरते. डेव्हिस व अँथनी कॅलाब्रीज यांच्या १९६४ च्या अभ्यासातून असे दिसले की, क्षारता प्रतिकूल झाली की सहन होणाऱ्या तापमानाचा पट्टाही आक्रसतो. एक ताण दुसऱ्या ताणाची धार वाढवितो. गाळाच्या बाबतीतही असाच भेद आढळला. अमेरिकी कालवाची अंडी तिसऱ्यांच्या वर्गातील शिंपल्याच्या अंड्यांपेक्षा गढूळपणाला अधिक हळवी ठरली. १९६६ मध्ये कॅलाब्रीज व डेव्हिस यांनी पाण्याच्या आम्लतेची मर्यादा ठरविली. अमेरिकी कालवाच्या भ्रूणाचा विकास पीएच ६.७५ ते ८.७५ या पट्ट्यात सामान्यपणे होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मिलफर्डच्या कार्याने पाणी मोजण्यायोग्य झाले. प्रत्येक घटकाला किमान व कमाल मर्यादा मिळाली आणि त्या मर्यादांत असलेले पाणी 'चांगले' मानले जाऊ लागले. हा मोठा पल्ला होता. तथापि मर्यादांच्या तक्त्यात जो घटक नाही, तो विचारातच येत नाही, ही या पद्धतीची अंगभूत उणीव पुढील दोन संकटांनी उघड केली.

४. साक्षीदार म्हणून डिंभ : वॉशिंग्टन आणि आर्काशाँ

वॉशिंग्टन राज्याच्या किनारी प्रदेशात कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी आणि कालवांचा ऱ्हास यांवरून विसाव्या शतकात दीर्घकाळ वाद चालला. प्रौढ कालव दूषित पाण्यात शिंपला मिटून काही काळ तग धरते. त्यामुळे ते पाण्याबद्दल उशिरा व अस्पष्ट साक्ष देते. चार्ल्स वोल्के यांनी १९७२ मध्ये पॅसिफिक कालवाच्या भ्रूणावर आधारित ४८ तासांची जलपरीक्षा मांडली. परीक्षणाच्या पाण्यात फलित अंडी सोडायची आणि दोन दिवसांनी किती डिंभांचा शिंपला सुघड तयार झाला, हे मोजायचे. येथे नाते उलटले. आजवर पाण्यावरून डिंभाचे भवितव्य जोखले जात होते, आता डिंभावरून पाणी जोखले जाऊ लागले.

या साक्षीचे मोल आर्काशाँने दाखवून दिले. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील पोर्तुगीज कालव रोगाने नष्ट झाले व त्याची जागा पॅसिफिक कालवाने घेतली. नवी शेती स्थिरावते न स्थिरावते तोच १९७७ पासून बी बसणे जवळजवळ थांबले. त्याचबरोबर प्रौढ कालवांचे शिंपले जाड, पोकळ्यांनी भरलेले व बेढब होऊ लागले. दरवर्षी दहा ते पंधरा हजार टन असणारे उत्पादन १९८१ मध्ये सुमारे तीन हजार टनांवर घसरले. तापमान, क्षारता व आम्लता या रूढ मोजमापांत या घसरणीचे कारण सापडत नव्हते. क्लोद अल्झ्यू व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून कारण पुढे आले ते होड्यांच्या तळाला लावल्या जाणाऱ्या रंगातील ट्रायब्युटिल टिन हे संयुग. तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत, यासाठी ते रंगात मिसळले जाई. लिटरमागे काही नॅनोग्रामइतक्या अत्यल्प प्रमाणातही ते शिंपल्याची घडण बिघडवीत होते आणि त्याहून थोड्या अधिक प्रमाणात डिंभांची वाढ व त्यांचे अन्न असलेले प्लवक यांना बाधत होते. फ्रान्सने जानेवारी १९८२ मध्ये २५ मीटरहून लहान होड्यांवर या रंगाच्या वापरास बंदी घातली. पाठोपाठ आर्काशाँमध्ये बी पुन्हा बसू लागले. या संयुगाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये संमत होऊन २००८ मध्ये अमलात आला. एका उपसागरातील न जन्मलेल्या बियाण्याने जगाच्या नौकानयनाचे नियम बदलण्यास चालना दिली.

५. संपृक्ततेचा प्रश्न : ओरेगन

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कालवशेती मुख्यतः बीजोत्पादन केंद्रांतील डिंभांवर चालते. ओरेगन राज्यातील नेटार्ट्स उपसागराच्या काठी असलेल्या व्हिस्की क्रीक या केंद्रात २००७ व २००८ मध्ये डिंभ मोठ्या प्रमाणावर दगावले. वॉशिंग्टनमधील विलापा उपसागरातही २००५ नंतर सलग काही वर्षे नैसर्गिक बी बसत नव्हते. आरंभी संशय व्हिब्रिओ वर्गातील जिवाणूवर गेला व पाणी निर्जंतुक करण्याची व्यवस्था झाली. परंतु मृत्यू थांबले नाहीत. केंद्रातील लोकांच्या लक्षात आले की, उत्तरेकडून वारा वाहून खोल समुद्राचे थंड पाणी किनाऱ्याशी वर आले की डिंभ दगावतात, तसेच पहाटे भरलेल्या पाण्यापेक्षा दुपारनंतर भरलेले पाणी डिंभांना मानवते. दिवसा उपसागरातील वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, हे या दुसऱ्या निरीक्षणाचे स्पष्टीकरण.

अ‍ॅलन बार्टन, बर्क हेल्स, जॉर्ज वाल्डबुसर, ख्रिस लँग्डन व रिचर्ड फीली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हा संबंध सिद्ध केला. डिंभाचा शिंपला कॅल्शियम कार्बोनेटच्या अ‍ॅरागोनाइट या अधिक विद्राव्य रूपाचा असतो. वर येणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक आणि अ‍ॅरागोनाइटची संपृक्तता कमी होती. पहिला शिंपला घडविताना डिंभ अद्याप खाऊ शकत नाही. अंड्यातील मर्यादित शिधोरीवर त्याला हे काम उरकावे लागते. संपृक्तता कमी असेल तर या कामी ऊर्जा अधिक खर्ची पडते आणि पुढच्या वाढीला ती उरत नाही. म्हणून पहिल्या दोन दिवसांतील पाण्याचा दोष कित्येक दिवसांनी मृत्यूच्या रूपाने प्रकट होतो. कारण आणि परिणाम यांतील हे अंतरच मूळ कारण शोधण्यातील मोठी अडचण ठरले होते.

वाल्डबुसर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले की, डिंभाच्या पहिल्या शिंपल्याच्या दृष्टीने निर्णायक घटक पीएच हा नसून संपृक्तता हा आहे. निसर्गात हे दोन्ही सहसा एकत्र बदलतात, म्हणून त्यांतील भेद झाकला जातो. नेटार्ट्सचे पाणी १९६६ च्या तक्त्यातील ६.७५ या खालच्या मर्यादेपर्यंत घसरले नव्हते, तरीही डिंभ मरत होते. जाती भिन्न होत्या हे खरे. पण जुन्या तक्त्यात संपृक्ततेचा रकानाच नव्हता, हे त्याहून महत्त्वाचे. उपाय साधा होता. पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मोजून मिसळला की डिंभ तगू लागले. केंद्र सावरले, खुल्या समुद्रावर मात्र हा उपाय चालत नाही. शिवाय किनाऱ्याशी वर येणारे हे पाणी तीस ते पन्नास वर्षांपूर्वी शेवटचे हवेच्या संपर्कात आलेले असते. २००७ च्या डिंभांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वातावरणाची किंमत मोजली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

६. भारतीय किनारा आणि कोकण

भारतात या प्रश्नाची जुनी नोंद मन्नारच्या आखातातील मोत्यांच्या शिंपल्यांबाबत आढळते. तेथील थर काही वर्षे भरभरून येत व मग दीर्घकाळ ओसाड पडत. महसुलावर डोळा असलेल्या वसाहतकालीन प्रशासनाने या अनिश्चिततेची कारणे शोधण्याचे काम शास्त्रज्ञांवर सोपविले. १९०२ मध्ये डब्ल्यू. ए. हर्डमन व जेम्स हॉर्नेल यांनी श्रीलंकेच्या बाजूने केलेली पाहणी त्यांपैकी प्रमुख होय. तुतिकोरीनच्या बाजूस १९५५ ते १९६१ या काळात मोत्यांचे मोसम झाले व नंतर ते थांबले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरीन केंद्रात के. अलगरस्वामी व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोत्यांच्या शिंपल्याचे बी प्रयोगशाळेत तयार केले. शतकानुशतके प्रवाहांवर सोडलेला प्रश्न तेव्हा प्रथमच टाकीतील पाण्याच्या आवाक्यात आला.

कोकणाशी संबंधित पायाभूत अभ्यासांपैकी काही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या विद्यापीठातून झाले. तत्कालीन मराठवाडा विद्यापीठातील आर. नागभूषणम् व यू. एच. माने यांनी १९७० च्या दशकात रत्नागिरीजवळील काळबादेवी खाडीतील तिसऱ्यांच्या आणि रत्नागिरीच्या शिणाण्यांच्या प्रजननचक्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. झेड. कासिम, ए. एच. परुळेकर व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये तरंगत्या तराफ्यांवरून सोडलेल्या दोरांवर शिणाणे वाढविण्याचे प्रयोग नोंदविले.

कोकणातील खाड्यांचे वैशिष्ट्य असे की, मोसमी पावसात त्यांची क्षारता अल्पावधीत कोसळते आणि गाळ वाढतो. पावसाळा सरला की क्षारता पुन्हा चढते. मिलफर्डच्या निष्कर्षांचा विचार केला तर येथे एकाच वेळी अनेक ताण डिंभावर येतात. येथील जातींनी आपले जीवनचक्र या चढउताराशी जुळवून घेतले आहे. परंतु खाडीच्या मुखाशी होणारा वाळूचा उपसा, वरच्या अंगाला अडविलेले पाणी, औद्योगिक सांडपाणी यांपैकी काहीही वाढले तर हे जुळलेले गणित बिघडू शकते. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या व कालवे काढणाऱ्या स्त्रियांच्या घरखर्चाचा एक भाग या गणितावर उभा आहे. अलीकडच्या काळात बचत गटांच्या माध्यमातून शिंपल्यांच्या शेतीला उत्तेजन दिले जात असताना, निसर्गात बी पुरेसे येते ही गोष्ट गृहीत धरून चालणार नाही. आर्काशाँच्या शेतकऱ्यांनीही ती गृहीतच धरली होती.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, 'चांगले पाणी' ही संकल्पना कालसापेक्ष आहे. वाहक पाणी, ताजे पाणी, मर्यादांत मोजलेले पाणी, विषमुक्त पाणी आणि संपृक्त पाणी असे तिचे टप्पे दिसतात. नवा टप्पा जुन्याला रद्द करीत नाही. तो त्याची अपूर्णता दाखवितो. दुसरा, यांतील बहुतेक टप्पे संकटातून आले आहेत आणि संकट ओळखण्यास लागलेला विलंब हा तत्कालीन मोजमापांच्या मर्यादांतून उद्भवला आहे. तिसरा, आर्काशाँ येथे बेढब शिंपले आणि ओरे­गनमध्ये पहाटेच्या व दुपारच्या पाण्यातील फरक या गोष्टी प्रथम पाण्यात काम करणाऱ्यांच्या नजरेस आल्या. त्यांच्या रोजच्या नोंदी हे या इतिहासाचे अस्सल साधन आहे.

या तिसऱ्या निष्कर्षातून आपल्या महाविद्यालयांसाठी एक कार्यक्रम सुचतो. किनारपट्टीवरील महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व इतिहास या विभागांनी मिळून एकेका खाडीची क्षारता, तापमान, पीएच, क्षारीयता व बी बसण्याचा काळ यांची सलग नोंद ठेवली आणि तिसऱ्या काढणाऱ्यांच्या आठवणींची तिला जोड दिली, तर अल्प खर्चात एक मोलाचा दस्तऐवज तयार होईल. पीएच व क्षारीयता हाती असली की संपृक्तता गणिताने काढता येते. कोणत्या वर्षी बी का आले नाही, हा प्रश्न उद्या उपस्थित झाला तर त्याचे उत्तर आज ठेवलेल्या नोंदींतूनच मिळेल. नोंद नसलेल्या खाडीला इतिहास नसतो आणि तिच्या वतीने दाद मागण्यास पुरावाही नसतो.